डोंगल बदलण्याआधी त्याची जागा बदलून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागर तालुक्यातलं गाव, चिऱ्याचं जुनं घर. राउटर पुढच्या पडवीत, डेस्कटॉप मागच्या खोलीत. मे महिन्याच्या गडगडाटात डेस्कटॉपचा लॅन पोर्ट, म्हणजे राउटरची वायर लावायची जागा, गेला, म्हणून वायरीशिवाय राउटरला जोडणारा तीनशे ऐंशी रुपयांचा यूएसबी वायफाय डोंगल मागवला. सोबत आलेली सीडी घालायला संगणकाला ड्राइव्हच नाही. कसंबसं जोडलं, पण दहा-पंधरा मिनिटांनी तुटतं, वेग दोन-तीन एमबीपीएसच्या वर जात नाही, आणि त्याच टेबलावर मोबाइल ठेवला तर व्हिडिओ न अडखळता चालतो. हा डोंगल परत करून हजार-बाराशेचा घ्यावा का?

नको. निदान या आठवड्यात नको. आधी बाजारातून दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन वायर आणा, शंभराच्या आसपास मिळेल. डोंगल तिच्या टोकाला लावा आणि ते टोक टेबलाच्या वर, राउटरच्या दिशेच्या दारापाशी कुठेतरी टांगा. मग पुढचं वाचा. चिपळूणला वीस वर्षं संगणक दुरुस्त करतोय. डोंगल खराब म्हणून जे माझ्याकडे येतात, त्यातले निम्म्याहून जास्त माझ्या टेबलावर नीट चालतात. घरी नेले की पुन्हा बंद. म्हणजे दुखणं डोंगलचं नाही, घरातल्या त्याच्या जागेचं.

लॅन पोर्ट जाण्याबद्दल आधी दोन शब्द, कारण आपल्याकडे डोंगल विकत घेण्याचं हेच मुख्य कारण आहे. मिरगाच्या आधीचे दहा-पंधरा दिवस आणि परतीचा पाऊस, या दोन वेळी माझ्याकडे मेलेल्या लॅन पोर्टांची रांग लागते. वीज घरावरच पडावी लागते असं नाही. जवळपास कोसळली तरी लांब तांब्याच्या वायरीत क्षणभर मोठा दाब उठतो आणि तो वायरीच्या दोन्ही टोकांच्या नाजूक भागांना जाळतो. बाहेरून घरात येणारं फायबर काचेचं आहे, त्यातून हा दाब येत नाही. पण राउटरचा चार्जर विजेच्या बोर्डात असतो आणि राउटरपासून संगणकापर्यंतची लॅन वायर तांब्याची. डोंगल लावल्यावर हा तांब्याचा दुवा तुटतो, तेव्हा एका परीनं तुम्ही बरंच केलंत. आभाळ गडगडायला लागलं की राउटरचा आणि संगणकाचा, दोन्ही प्लग मात्र काढत जा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. या प्लग काढण्याची एक वेगळीच गंमत पुढे येणार आहे.

आता डोंगलच्या पोटात काय आहे ते बघू. खोक्यावर नाव काहीही असो, आत चिप बहुधा दोनच घरांतली असते, रिअलटेक किंवा मीडियाटेक. तीन-चारशेच्या डोंगलात रिअलटेकची ८१८८ मालिका किंवा मीडियाटेकची ७६०१ ही चिप हमखास सापडते. वायफायचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; या दोन्ही चिप फक्त २.४ वर चालतात. पाच-सहाशेच्या पुढे रिअलटेकच्या ८८११ किंवा ८८२१ या चिप येतात, त्या ५ गिगाहर्ट्झही पकडतात. चिप कळणं महत्त्वाचं, कारण ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला उपकरण चालवता येण्यासाठीचा प्रोग्राम, चिपचा असतो, खोक्यावरच्या नावाचा नसतो. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, डोंगलच्या नोंदीवर दोनदा क्लिक करा, डिटेल्समध्ये जाऊन यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. व्हीआयडीच्या, म्हणजे कंपनीच्या क्रमांकाच्या, पुढे शून्य-बी-डी-ए दिसलं तर रिअलटेक. १४८एफ दिसलं तर रॅलिंक, म्हणजे आताचं मीडियाटेक. पीआयडीपुढचे, म्हणजे मॉडेलच्या क्रमांकाचे, चार आकडे-अक्षरं कागदावर लिहून ठेवा, शोधताना तीच कामाला येतात.

ती छोटी सीडी विसरून जा. तिच्यावरचा ड्रायव्हर बहुधा जुनापुराणा असतो, आणि दहा वेगवेगळ्या मॉडेलांचे ड्रायव्हर एकाच सीडीत कोंबलेले असतात. मग "नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही" हे कोडं कसं सोडवायचं? मोबाइल चार्जिंगच्या वायरीनं संगणकाला जोडा, मोबाइलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्याच पानावर यूएसबी टिथरिंग असतं, ते चालू करा. अँड्रॉइड फोन असेल तर संगणकाला तो फोन लॅन कार्डासारखा दिसतो आणि दोन मिनिटांत नेट येतं. वायर मात्र डेटा नेणारी हवी, नुसती चार्जिंगची नको. नेट आलं की विंडोज अपडेट चालवा, पर्यायी अपडेटच्या यादीत ड्रायव्हर बहुतेक वेळा आपणहून सापडतो. खरं तर विंडोज १० मध्ये या स्वस्त चिपांपैकी बऱ्याच आधीच ओळखल्या जातात. तुमचंही "कसंबसं जोडलं" म्हणजे तेच झालं असणार.

काही नव्या डोंगलांची एक खोड सांगून ठेवतो, कारण तिच्यापायी लोक चांगला डोंगल परत करतात. डोंगल लावला की वायफाय न दिसता 'माय कॉम्प्युटर'मध्ये एक नवी सीडी ड्राइव्ह उगवते. ड्रायव्हर डोंगलच्याच पोटात ठेवलेला असतो आणि तो आधी सीडीचं सोंग घेतो. त्यातला सेटअप चालवला की सोंग उतरतं आणि वायफाय दिसतं. सेटअप करूनही सीडीच दिसत राहिली, तर त्या ड्राइव्हवर उजवी क्लिक करून इजेक्ट म्हणा. सोंग गळून पडतं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसला तर त्याचा कोड बघा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण डोंगल सुरू होत नाही. चुकीचा ड्रायव्हर पडला असेल तर तो काढून, संगणक बंद-चालू करून पुन्हा घाला. कोड ४३ आला, की विंडोजनं त्या उपकरणाशी बोलणं थांबवलेलं असतं. दुसरा पोर्ट, मग दुसरा संगणक, आणि तिथेही ४३ आला तर डोंगल गेला म्हणून समजा. तेव्हा खुशाल परत करा.

खोक्यावरच्या आकड्याबद्दलही गैरसमज फार. "१५० एमबीपीएस" हा चिप आणि राउटर यांच्यातला कागदोपत्री वेग, तोही राउटरनं ४० मेगाहर्ट्झ रुंद पट्टा वापरला तर. २० मेगाहर्ट्झवर तोच आकडा ७२ होतो, आणि प्रत्यक्ष हातात पडतं त्याच्या साधारण निम्मं, पस्तीस-चाळीस. वायफायवर बोलणं आळीपाळीनं चालतं, एक बोलत असताना बाकीच्यांनी गप्प बसायचं, शिवाय प्रत्येक निरोपाला पोच द्यायची. त्यात निम्मा वेळ जातो. "६०० एमबीपीएस" वाल्या डोंगलात तर १५० आणि ४३३ यांची बेरीज करून वर गोल आकडा छापलेला असतो, आणि दोन्ही पट्टे एकाच वेळी कधीच चालत नाहीत. तुमच्या डोंगलकडून तीस-पस्तीस मिळाले तर त्यानं आपलं काम चोख केलं. दोन-तीन मिळतात, याचा अर्थ मधे काहीतरी आडवं येतंय.

आडवी येते ती मुख्यतः भिंत. आपली चिऱ्याची भिंत नऊ इंचांपासून फूट-सव्वाफुटापर्यंत जाड. शहरातल्या चार-सहा इंची विटेच्या भिंतींचा हिशोब मांडून लिहिलेले सल्ले इथे लागू पडत नाहीत. चिरा म्हणजे जांभा दगड, आणि जांभ्यात लोह असतं म्हणून रेंज अडते, असं बरेच जण ठामपणे सांगतात. माझ्या मते खरे गुन्हेगार दोन, जाडी आणि ओल. जांभा सच्छिद्र दगड आहे, पावसात तो पाणी पितो, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात जिरतात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणून "एप्रिलपर्यंत बरं चालत होतं, जुलैत रेंज कमी झाली" ही तक्रार मी हसण्यावारी नेत नाही. बाहेरच्या अंगाला गिलावा नसलेली, पागोळ्यांचं पाणी उडणारी भिंत मधे असेल तर फरक पडतो.

भिंत पाडता येत नाही, पण तिच्यातून जायची वाट बदलता येते. राउटरपासून डोंगलपर्यंत मनात एक सरळ दोरी ताणा. ती भिंतीला काटकोनात छेदते की तिरकी? काटकोनातल्या रेषेपासून साठ अंश तिरकी गेली, तर फूटभर भिंतीचे दोन फूट होतात. दोरी दारातून, खिडकीतून किंवा माळ्यावरच्या मोकळ्या जागेतून जाईल असं बघा. कौलारू घरात भिंती बऱ्याचदा आढ्यापर्यंत पोचलेल्या नसतात, वर मोकळी पोकळी असते. राउटर पडवीत टीव्हीच्या मागे लोखंडी स्टँडवर ठेवण्याऐवजी भिंतीवर सात-आठ फुटांवर लावला, तर लहरी त्या पोकळीतून मागच्या खोलीत उतरतात. आडवं लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांतलं काही त्या दोरीत येत असेल, तर ते किंवा राउटर हलवा. मागच्या खोलीत उकड्या तांदळाचे पत्र्याचे डबे रांगेनं मांडलेले असतात ना, तीही एक भिंतच.

आता मोबाइल तिथे का चालतो, ते. मोबाइलला आत बहुधा दोन अँटेना असतात, तो ५ गिगाहर्ट्झही धरतो, आणि मुख्य म्हणजे तो टेबलाच्या वर, मोकळ्या हवेत असतो. तुमचा डोंगल कुठे आहे? नक्की सांगतो, ज्याला आपल्याकडे सगळे सीपीयू म्हणतात त्या डब्याच्या पाठीमागे, जमिनीपासून फूटभर वर, एका बाजूला पत्र्याचा डबा आणि दुसऱ्या बाजूला ओली भिंत. अंगठ्याच्या नखाएवढा डोंगल, त्याच्या आत नखाच्या कोराएवढी अँटेना. त्याला लहरींपर्यंत पोचूच देत नाही आपण.

त्यात डबा नवा असेल तर आणखी एक भानगड. निळ्या रंगाचा यूएसबी ३ चा पोर्ट आणि त्याला लावलेली बाहेरची हार्डडिस्क चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात खरखर सोडतात. इंटेलनं २०१२ साली यावर रीतसर टिपण काढलं होतं. ही खरखर फार लांब जात नाही, पण शेजारच्या पोर्टातल्या डोंगलला बहिरं करायला पुरते. "फाइल कॉपी करायला लावली की नेट जातं" असं कोणी म्हटलं की मी आधी निळे पोर्ट बघतो. डोंगल काळ्या पोर्टात लावा, आणि वायरीनं दूर न्या. म्हणून ती शंभर रुपयांची एक्स्टेंशन. एका झटक्यात डोंगल पत्र्याच्या सावलीतून, खरखरीतून आणि भिंतीच्या ओलीतून बाहेर येतो. वायर दीड मीटरची पुरे, तीनच्या पुढे जाऊ नका. स्वस्त लांब वायरीत तांबं केसासारखं बारीक असतं, टोकाला दाब कमी पडतो आणि डोंगल मधेच गळतो.

टांगताना अंदाजपंचे टांगू नका, मोजा. कमांड प्रॉम्प्ट उघडून चार शब्द इंग्रजीत टाइप करा: नेटश, डब्ल्यूलॅन, शो, इंटरफेसेस. पहिल्याचं स्पेलिंग एन-ई-टी-एस-एच, दुसऱ्याचं डब्ल्यू-एल-ए-एन, प्रत्येकाच्या मधे एक जागा. उत्तरात चॅनल, जाण्या-येण्याचा वेग आणि सिग्नलचे टक्के दिसतील. डोंगल चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे करत पुन्हा पुन्हा ही आज्ञा द्या. हसू नका, चार बोटांनी खरंच फरक पडतो. या लहरींची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते, आणि घरात भिंतींवरून परतलेल्या लहरी काही ठिकाणी एकमेकींना मारतात, काही ठिकाणी उचलून धरतात. वीतभर सरकलात की मेल्या जागेवरून जिवंत जागेवर येता. पालशेतच्या बाजूला एका निवृत्त गुरुजींच्या घरी मी दोन तास ड्रायव्हर बदलत बसलो होतो. शेवटी त्यांच्या नातवानं डोंगल वायरीसकट खुंटीवरच्या टोपीत टाकला आणि सिग्नल ३८ वरून ७१ वर गेला. तो डोंगल अजून त्या टोपीत आहे. साठ टक्क्यांच्या वर स्थिर राहिला तर जागा पक्की समजा. चाळिशीच्या खाली असेल तर पुढचे उपाय करण्यात अर्थ नाही, आधी जागाच शोधा.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० वर आकडा मोठा दिसतो, पण खरखरही दुप्पट आत येते, आणि जाड भिंतीआडून ऐकताना तेच नडतं. चॅनल १, ६ किंवा ११ यांतलाच एक पक्का करा. वाडीत तुमच्या आसपास दोन-तीनच राउटर असतील, तेव्हा गर्दीची काळजी मुंबईकरांना करू द्या.

आता दर दहा-पंधरा मिनिटांनी तुटण्याचं. जागा सुधारल्यावर हे आपोआप थांबण्याची शक्यता निम्मी. उरलेल्या निम्म्याचं कारण विंडोजची काटकसर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट नावाचा भाग असतो, तिथे वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला संगणकाला परवानगी द्यायची खूण असते. ती काढा. मग कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, प्रगत सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. डब्याच्या पुढच्या अंगाचे पोर्ट टाळा, ते आतून लांब बारीक वायरीनं मदरबोर्डाला जोडलेले असतात. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत देतो, डोंगलला तेवढं पुरतं, पण जुना थकलेला एसएमपीएस (डब्यातला वीज पुरवणारा भाग) आणि आपला संध्याकाळचा कमी दाब एकत्र आले की मग सगळंच कुरकुरतं. ड्रायव्हर अपडेट झाल्यापासून तुटायला लागलं असेल, तर ड्रायव्हरच्या भागात रोल बॅकचं बटण असतं. नवा ड्रायव्हर तो चांगलाच, असा नियम नाही.

तुम्हाला हा त्रास नाही, पण बऱ्याच जणांना नेटवर्कचं नावच दिसत नाही, म्हणून तेही सांगतो. स्वस्त डोंगलला ५ गिगाहर्ट्झ दिसत नाही. राउटरवर दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं असतील, तर डोंगलला एकच दिसणार, दोष त्याचा नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट दिसत नाही यामागेही हेच कारण असतं, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ करा. दुसरं, भारतात २.४ गिगाहर्ट्झचे १३ चॅनल वापरायला मुभा आहे, पण अमेरिकेच्या हिशोबानं भरलेले काही डोंगल ११ च्या पुढे बघतच नाहीत. राउटर ऑटोवर असेल आणि तो रात्रीत १२ किंवा १३ वर गेला, की "काल होतं, आज नाही". तिसरं, राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा पद्धत लावली असेल, तर जुन्या चिपला जोडताच येत नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र असा पर्याय असतो, तो घ्या. उलट्या बाजूला फार मागेही जाऊ नका, सुरक्षेत टीकेआयपी ही जुनी पद्धत ठेवली तर वेग ५४ च्या वर चढत नाही. एईएस निवडा.

आणि आता ती गंमत. गेल्या पावसाळ्यात शृंगारतळीच्या बाजूच्या एक बाई आल्या, सोबत मुलगा आणि पिशवीत तीन डोंगल. तिन्ही बदलून बघितले होते. वायफाय जोडलेलं दिसतं, सिग्नल भरपूर, पण एकही साइट उघडत नाही, "तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही" असं येतं. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. संगणकात साल होतं २००९. प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, आणि संगणकाच्या मते ती प्रमाणपत्रं अजून जन्मालाच यायची होती. कारण मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, संपलेला. आता हा सेल आपल्याकडे लवकर का संपतो? डेस्कटॉपचा प्लग बोर्डात असेल तर संगणक बंद असतानाही घड्याळाला वरून वीज मिळते आणि सेल वापरला जात नाही. आपण विजेच्या भीतीनं प्लग काढून ठेवतो, तेव्हा घड्याळ चोवीस तास सेलवर चालतं. प्लग काढणं बरोबरच आहे, फक्त दर दोन-तीन वर्षांनी चाळीस-पन्नास रुपयांचा सेल बदला. बाई म्हणाल्या, "म्हणजे डोंगलांचे हजार रुपये पाण्यात." तिन्ही डोंगल चालू होते. एक मी विकत घेतला.

जोडलं आहे पण नेट नाही, याचं दुसरं कारण आयपी पत्ता, म्हणजे राउटर प्रत्येक उपकरणाला देतो तो क्रमांक. तपशिलात पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर राउटरनं पत्ता दिलेलाच नाही, संगणकानं स्वतःच एक ठोकून दिलाय. बहुधा सिग्नल इतका मरतुकडा असतो, की पत्ता मागण्याचा निरोपच पोचत नाही. नेटवर्क विसरा म्हणून पुन्हा जोडा. पत्ता बरोबर असेल आणि तरी नेट नसेल, तर राउटरपाशी जाऊन मोबाइलवर बघा. मोबाइललाही नसेल तर कुठेतरी पोलवर फायबर तुटलंय, आणि मग डोंगलला शिव्या घालून उपयोग नाही, सेवा देणाऱ्याला फोन करून वाट बघायची.

गणपतीत वेग पडला तर मात्र काहीच बिघडलेलं नाही. चाकरमानी येतात, घरात एकदम वीस मोबाइल राउटरला लोंबकळतात, आणि आळीपाळीनं बोलायच्या रांगेत तुमचा नंबर एकविसावा लागतो. त्यात भिंतीआडून हळू बोलणारा डोंगल जास्त वेळ खातो, म्हणजे तोच बाकीच्यांनाही मागे खेचतो. विसर्जनानंतर सगळं जागेवर येतं.

आपल्या हवेचं एक शेवटचं. खाऱ्या दमट वाऱ्यानं यूएसबीच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढतो, मग डोंगल हलवला की चालू, सोडला की बंद. साध्या पाण्यानं किंवा थुंकी लावून पुसू नका, आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावून पट्ट्या पुसा, संगणकातला पोर्टही मऊ ब्रशनं. वापर नसेल तेव्हा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तांदळात खुपसू नका, तांदळाचं पीठच आत शिरतं. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पाणी भरलं तेव्हा माझ्या दुकानातले अकरा डोंगल चिखलात होते. अल्कोहोलनं धुऊन, उन्हाची वाट बघत आठ दिवस पंख्याखाली वाळवले. सात पुन्हा चालले. त्यांना ना बॅटरी ना मोटर, वीज लागलेली नसताना भिजले तर ते सहसा मरत नाहीत.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून जुन्या डेस्कटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स घालून घेणारे हल्ली वाढलेत. तुमचाही तो विचार असेल, तर चिप बघून ठरवा. मीडियाटेक ७६०१ चा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ४.२ आवृत्तीपासूनच आहे, लावला की चालतो. रिअलटेकची ८८२१सीयू ही चिप कर्नल ६.२ पासून आत आली. त्याआधीच्या लिनक्सवर ड्रायव्हर बाहेरून बांधून घालावा लागतो आणि दर अपडेटला तो मोडतो. तेव्हा नवा लिनक्स घ्या किंवा मीडियाटेकचा डोंगल घ्या. डोकं खपवण्यापेक्षा हे स्वस्त.

आता मूळ प्रश्नाकडे, हजार-बाराशेचा घ्यावा का. त्या किमतीत मोठी दांडी अँटेना आणि ५ गिगाहर्ट्झ मिळतं. पण ५ गिगाहर्ट्झ चिऱ्याच्या भिंतीपुढे २.४ पेक्षाही लवकर हात टेकतं, ते एकाच खोलीत किंवा उघड्या दारासमोरच शोभतं. दांडीचा उपयोग होतो, मात्र दांडी खरी हवी. मी एक उघडला होता, त्यातल्या दांडीची वायर आत कशालाच डकवलेली नव्हती, नुसती शोभेची. वायरीवर टांगूनही सिग्नल चाळिशी ओलांडत नसेल, तर महागडा डोंगल न घेता दुसरी वाट धरा. माळ्यावरून कॅट ६ वायर ओढा, शंभर मीटरपर्यंत ती निर्धास्त चालते. मागच्या खोलीत जुना राउटर ॲक्सेस पॉइंट करून, म्हणजे वायरीनं आलेलं नेट वायफायवर देणारा करून, बसवा, डोंगल त्याला जोडा. तांब्याचा दुवा पुन्हा येतो हे खरं, पण आता वायर राउटरपासून राउटरपर्यंत आहे, संगणकापर्यंत नाही. गडगडलं तर त्या वायरीमुळे जळतील ते तिच्या टोकांचे राउटर, तुमचा मदरबोर्ड नव्हे.

वायर आणून टांगलीत की तीन गोष्टी कळवा: टांगण्याआधीचे आणि नंतरचे सिग्नलचे टक्के, हार्डवेअर आयडीतला पीआयडी, आणि संगणकाच्या घड्याळात साल कोणतं दिसतंय ते.